ज्वारी की नाचणी

भिंतीला रंग लाल लावायचा की निळा, यावरून कुठल्या घरात कडाक्याचं भांडण झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. एकाला लाल आवडतो, दुसऱ्याला निळा, दोघं एकमेकांच्या अकलेची कीव करतात आणि विषय संपतो. खरी डोकेदुखी असते ती धड पांढरे नाहीत, धड करडे नाहीत, बदामी म्हणावं तर बदामीही नाहीत अशा रंगांची. त्यातले दोन समोर ठेवून एक निवड म्हटलं की चांगली शिकलीसवरलेली माणसं हातात कागद धरून खिडकीपाशी तासतासभर उभी राहतात. आमच्याकडे नवरात्रापासून हेच चालू होतं. नवरा यातून पहिल्याच दिवशी सुटला, "दोन्ही सेम आहेत, कुठलाही लावा" असं म्हणून तो जो मॅच बघायला बसला तो उठलाच नाही. सेम नाहीयेत. हे मला शेवटपर्यंत त्याला पटवता आलं नाही पण निदान का सेम नाहीयेत हे मला या निमित्ताने नीट कळलं, म्हणून हे लिहितेय.

खोली मागची, उत्तरेकडची, दहा बाय बारा. आमची सोसायटी कोथरूडमधली, तीसेक वर्षं जुनी, आणि या खोलीला आधीच्या मालकांनी पिस्ता रंगाचं डिस्टेंपर मारलेलं, जे आम्ही "पुढच्या दिवाळीला बघू" करत करत आजवर चालवलं कारण ती खोली म्हणजे इस्त्रीचं टेबल, सुटकेसा, जादा गाद्या आणि लेकीची लहानपणची सायकल यांचं संस्थान होतं. आता तिथे आई राहणार. ती साताऱ्याहून आली मुळात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी, उजवा डोळा झाला, डावा व्हायचाय, आणि यानंतर एकटीने तिकडे राहायचं नाही असं आम्ही भावंडांनी ठरवलं, ते तिनं भरपूर वाद घालून मान्य केलं. तर खोली तिची, म्हणून पसंतीही तिची. अटी तीन. भडक नको. मळखाऊ हवा, कारण उशी टेकवून बसलं की भिंतीला तेलाचा डाग पडतोच. आणि दवाखान्यासारखा दिसायला नको, दवाखाने खूप बघून झालेत.

मला खरं तर याहून गडद, मातकट असा एक रंग हवा होता, मी मोबाइलवर फोटोबिटो काढून ठेवलेले. तो एका आकड्यावर कटला. प्रत्येक शेडला एलआरव्ही नावाचा एक आकडा असतो, म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला किती टक्के ती परत टाकते, शून्य म्हणजे काळाकुट्ट आणि शंभर म्हणजे पांढराशुभ्र. माझा मातकट तिशीत होता. आणि साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान झालेली असते, आतलं भिंग पिवळं पडलेलं असतं. अशा माणसाला उत्तरेच्या खोलीत मातकट भिंतींमध्ये बसवायचं म्हणजे दिवसाढवळ्या दिवा लावून बसवण्यासारखंच. मग एलआरव्ही साठच्या वर असलेलेच बघायचे ठरवलं आणि चाळत चाळत दोन उरले.

कार्डावरची त्यांची नावं इंग्रजी होती, एकात धुकं होतं आणि एकात वाळवंट. आईने ती वाचायच्या भानगडीत न पडता सांगितलं, हा ज्वारीच्या पिठाचा आणि हा नाचणीच्या. नाचणी अर्थात बरीच फिकी केलेली. पण बाकी इतकं चपखल की पुढे दुकानदारासकट सगळे तेच म्हणायला लागले. ज्वारीच्या पिठाकडे नीट बघितलंय का कधी? पांढरंच म्हणतो आपण, पण परातीत तांदळाच्या पिठाशेजारी ठेवलं की त्यातली करडी, जराशी हिरवट झाक लगेच वर येते. आणि नाचणीच्या राखाडीत मागे कुठेतरी लालसर, जांभळट काहीतरी असतं, भाकरी करताना पाणी लागलं की ते पुढे येतं. आमच्या दोन शेड्समधला फरक नेमका हाच, एवढाच. उजळपणात जवळजवळ सारख्या, झाक वेगळी.

ही झाक येते कुठून ते दुकानात दिसलं. शेडचं मशीन सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पांढऱ्या बेसचा डबा खाली ठेवतात, वरून नळ्यांतून रंगाचे थेंब पडतात, मग झाकण ठोकून डबा मशीनमध्ये गदागदा हलवतात. पण त्यात किती कमी रंग पडतो हे मी कधी लक्ष देऊन बघितलं नव्हतं. चार लिटरच्या डब्यात जेमतेम काही चमचे. दुकानदार हौशी होता, गिऱ्हाईकही फार नव्हतं, त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. ज्वारीत काळा आणि पिवळा ऑक्साइड. नाचणीत तेच दोन, वर थोडा लाल ऑक्साइड. बास. हे पिवळे आणि लाल ऑक्साइड म्हणजे लोखंडाचेच, म्हणजे मुळात आपली पिवडी आणि गेरूच, फक्त कारखान्यात शिकून आलेले. आणि पिवळ्यात काळा मिसळला की काय होतं? शाळेत चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी केलंय, हिरवट होतं, शेवाळी. डब्यात हिरव्याचा एक थेंब नसताना ज्वारी हिरवट का मारते याचं उत्तर हे. नाचणीतला लाल त्या हिरव्याला मारून टाकतो आणि स्वतः थोडासा उरतो, म्हणून ती गुलाबीकडे जाते. म्हणजे अख्ख्या खोलीचा स्वभाव चमचाभर गेरूवर ठरणार होता.

(जाता जाता, तो पांढरा बेस. त्यातला पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा, आणि तो काढतात इल्मेनाइट नावाच्या खनिजातून, जे चक्क काळं असतं. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते आहे आणि आपल्या रत्नागिरीच्या वाळूतही आहे. रत्नागिरीत मांडवीला काळा समुद्र म्हणतात आणि पलीकडे पांढरा समुद्र आहे, तर आपल्या घरांचा पांढरा काळ्या वाळूतून निघतो हे मला भयंकर आवडलं, नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला ओव्हर संपू दे.)

मग पेंटरदादांनी, बाकी काम ठरायच्या आधीच, कोपऱ्यातून दोन्हीचे हातभर चौकोन भिंतीवर मारून दाखवले आणि "बघा ताई" म्हणून चहाला गेले. बघितलं तर दोन्ही गुलाबी! ज्वारीसुद्धा. आई म्हणाली दुकानदाराने डबे बदलले. डबे बरोबर होते, गडबड मागच्या पिस्त्याची होती. हिरव्यावर कुठलाही करडा ठेवला की तो लालसर दिसणार, डोळा शेजारच्याच्या उलट रंग त्याच्या अंगावर टाकतो. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या गोबलाँ विणकामाच्या कारखान्यात अशीच तक्रार होती की रंगवलेला काळा धागा कमजोर दिसतो, निळ्या-जांभळ्या शेजारी तो काळा वाटतच नाही. तिथे १८२४ पासून रंगाईचा प्रमुख होता शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ, त्याने दुसरीकडचे काळे धागे आणून ताडून बघितलं, रंगात खोट नव्हती, खोट शेजाऱ्यांची. रंग एकमेकांना कसे बदलतात हे मग त्याने वर्षानुवर्षं खपून मांडलं, १८३९ मध्ये ते छापलं, आणि चित्रकार लोक ते अजून शिकतात. आमच्या पेंटरदादांना हे सगळं एका वाक्यात माहीत होतं, चहा पिऊन आले आणि म्हणाले, "जुन्या रंगावर सँपल बघायचंच नसतं ताई, पण गिऱ्हाईक ऐकत नाही."

मी ऐकलं. पांढऱ्या मोठ्या कार्डशीट आणल्या, सँपलच्या छोट्या डब्यातून प्रत्येकीवर दोन हात मारले, कडेने चारही बाजूंनी पांढरी पट्टी सोडली म्हणजे पिस्त्याची सावली पडायला नको, आणि त्या शीट्स घरभर फिरवायला लागले. कोणाला असं करायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. एक, दोन शीट्स शेजारी शेजारी ठेवून बघणं हे फक्त फरक शोधायला ठीक, निवडायला अजिबात नाही. शेजारी ठेवल्या की डोळा जो काय एवढासा फरक आहे त्याचा डोंगर करतो, ही किती हिरवी आणि ती किती गुलाबी, आणि एक उचलून दुसऱ्या खोलीत नेली की मागे राहिलेली नुसती करडी दिसते. तुम्ही राहणार एकीबरोबर. म्हणून एकेक वेगळी बघायची. दुसरं म्हणजे शीट कोपऱ्यात दुमडून उभी करायची, अर्धी एका भिंतीला, अर्धी दुसऱ्या. तिथे दोन्ही बाजू एकमेकींवर उजेड टाकतात आणि प्रत्येक वेळी झाक थोडी दाट होते, कोपऱ्याच्या घडीत बोट घालून बघा, रंग तिथे चांगलाच गडद असतो. अख्ख्या खोलीत चारही भिंती हेच करत असतात. कार्डावर आवडलेला रंग भिंतीवर एक घर पुढे गेल्यासारखा का वाटतो, त्याचं बरंचसं कारण हे.

आणि मग कळलं की आमच्या त्या मागच्या खोलीला स्वतःचा असा उजेडच नाही. सगळा उसना.

म्हणजे बघा. खिडकी उत्तरेला. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्तरेचा उजेड निळसर, शांत, दिवसभर एकसारखा, चित्रकारांचे स्टुडिओ उत्तरेला असतात वगैरे. ते खरं असेल जिथे खिडकीबाहेर आकाश असतं तिथे. आमच्या खिडकीबाहेर पंधरा-वीस फुटांवर शेजारची बिल्डिंग आहे आणि त्यांनी ती विटकरी-गाजरी अशा कुठल्याशा रंगात रंगवलीय. त्यांची जी भिंत आम्हाला दिसते ती त्यांची दक्षिणेची. सूर्य आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने दक्षिणेला कललेला असतो, म्हणजे आमच्या खोलीत ऊन येत नाही पण त्या भिंतीवर येतं, दिवाळीपासून होळीपर्यंत तर भरपूर येतं, आणि तिच्यावर आपटून आमच्या खोलीत येतो तो गाजरी उजेड. दुपारी अकरा ते तीन आमची पांढरी चादरसुद्धा गुलाबी असते, मी इतकी वर्षं तिथे इस्त्री करत होते आणि मला वाटायचं उन्हाची ऊब आहे.

पावसाळ्यात याचं उलटं. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो, शून्य सावलीचे दिवस येतात ते या काळाच्या दोन टोकांना, तेव्हा त्या भिंतीवर दुपारचं ऊन पडतच नाही. वर ढग. आणि दोन बिल्डिंगच्या मधे एक आडवंतिडवं वाढलेलं बदामाचं झाड आहे ते पावसात असं काही फोफावतं की खिडकी अर्धी पानांनीच भरते. म्हणजे खोलीत येणारा उजेड आधी ढगातून करडा होऊन, मग पानांतून हिरवा होऊन येतो. एकाच खोलीला वर्षातून दोन चष्मे, एक गाजरी आणि एक हिरवा.

आता त्यात आमचे दोन उमेदवार बसवून बघा. नाचणी हिवाळ्यात गाजरी उजेडात गुलाबी होणार, नुसती गुलाबी नाही, बारशाच्या हॉलसारखी, पण पावसाळ्यात मात्र हिरवा उजेड तिचा लाल कापून टाकणार आणि ती अगदी सभ्य करडी दिसणार. ज्वारी हिवाळ्यात त्या गुलाबीला स्वतःच्या हिरव्याने खाऊन टाकणार आणि छान, स्वच्छ, कोरी दिसणार, पण जुलैमध्ये शेवाळी. म्हणजे दोघीही सहा महिने सोन्यासारख्या आणि सहा महिने नको त्या. आम्ही निवडत होतो ऑक्टोबरमध्ये, जेव्हा शेजारच्या भिंतीवर ऊन आणि झाडाला अजून पानं, दोन्ही एकदम चालू, म्हणजे निवडायला सगळ्यात फसवा महिना. पण रंगकाम पावसाळा संपल्यावर भिंती वाळल्या कीच करतात आणि दिवाळीआधी उरकतात, त्यामुळे अख्खा महाराष्ट्र रंग निवडतो तो याच उजेडात. असो.

वास्तुवाल्यांनी काय सांगितलं असतं ते विचारायला मी गेले नाही, पण तळमजल्यावरच्या काकू स्वतःहून येऊन सांगून गेल्या. उत्तरेला हिरवा चांगला म्हणे. ज्वारीला एक मत.

या सगळ्यात मी एक मोठी गोष्ट धरलीच नव्हती, ती म्हणजे बघणाऱ्याचा डोळा. आईला शीट दाखवली की ती एकदा म्हणायची छान आहे, एकदा म्हणायची काय ही जांभळी, मला वाटलं मुद्दाम त्रास देतेय, साताऱ्याचा राग इथे काढतेय. मग एकदा दुपारी तिला न सांगता दारातून बघितलं तर ती खुर्चीत बसून नाचणीची शीट समोर धरून एक डोळा तळव्याने झाकत होती, मग दुसरा, मग परत पहिला. मला बघून म्हणाली, "अगं कुठल्या डोळ्यानं सांगू ते तरी सांग."

उजव्या डोळ्यातलं तिचं स्वतःचं भिंग काढून तिथे नवं स्वच्छ भिंग बसवलंय. डाव्यात अजून सत्तरी पार केलेलं जुनंच आहे. मोतीबिंदू झालेलं भिंग पिवळट, मग तपकिरी होत जातं आणि निळा-जांभळा उजेड अडवत जातं, पण हे इतकं हळू होतं की माणसाला कळतच नाही, मेंदू सांभाळून घेतो. एक डोळा झाला की मग तुलना करायला मिळते. डाव्याने तिला ज्वारी आणि नाचणी दोन्ही एकच दिसत होत्या, जुनाट पिवळट, म्हणजे माझा नवरा आणि तिचा डावा डोळा यांचं एकमत. उजव्याने नाचणीत सरळ जांभळा दिसत होता, मला दिसतो त्याहून जास्त. तिनं लगेच कपाट उघडलं आणि एक साडी काढली, जी ती कित्येक वर्षं "माझी मोतिया" म्हणून नेसायची. ती पांढरी निघाली. काठाशेजारी बोट ठेवून एकेका डोळ्याने बघत होती, "ही पांढरी होती? आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत?" आम्ही काय बोलणार, आम्हाला ती कायमच पांढरी दिसत होती, आम्हाला वाटायचं ती उगीच मोतिया म्हणते.

चित्रकार मोनेचं असंच झालं होतं. त्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, ते त्या काळातलं, नुसतं भिंग काढून टाकायचं आणि वर जाड चष्मा, आणि मग त्याला सगळं निळं दिसायला लागलं, तो वैतागला, रंगीत काचांचे चष्मे लावून बघितले, आणि डाव्या डोळ्याला त्याने शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. आईला हे सांगितलं तर तिला मोनेचं काही विशेष वाटलं नाही, डावा डोळा राहिला याचं वाटलं. "मग तो चित्रं कुठल्या डोळ्यानं काढायचा?" या प्रश्नावर मी मोबाइल खाली ठेवला.

लेक अकरावी सायन्सला आहे, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक अवकाशातली गोष्ट असते. तिनं सांगितलं की विश्वाचा सरासरी रंग बेज आहे. मला वाटलं रील बघून बोलतेय, पण खरं निघालं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ग्लेझब्रुक आणि बाल्ड्री या दोघांनी दोन लाख आकाशगंगांचा उजेड एकत्र करून तो माणसाला कसा दिसेल हे काढलं, आणि २००२ च्या सुरुवातीला जाहीर केलं की विश्व फिकट हिरवट-निळं आहे. पेपरांत सगळीकडे छापून आलं. दोनेक महिन्यांत सुधारणा आली की सॉरी, बेज आहे, सायीसारखा पांढरट. उजेडाची मोजणी बरोबर होती, चुकलं होतं ते सॉफ्टवेअरमधलं एकच, पांढरा कशाला म्हणायचं ते. ते थोडं सरकलं आणि अख्खं विश्व हिरव्यावरून बेजवर आलं. त्या रंगाला पुढे कॉस्मिक लॅटे नाव पडलं. दोन लाख आकाशगंगा घेऊनही माणसं ज्वारी की नाचणी यावर अडकतात हे ऐकून मला स्वतःबद्दल बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणाची चावीही त्यातच मिळाली. फिकट रंगाला स्वतःचं असं फार थोडं असतं, तो उरलेलं सगळं शेजाऱ्याकडून, खिडकीकडून, बघणाऱ्याकडून घेतो. त्यामुळे "कुठला रंग चांगला" हे विचारत बसण्यात अर्थ नव्हता. या खोलीत पांढरा म्हणून काय धरायचं, कधीचा उजेड, कोणाचा डोळा, ते आधी ठरवायला हवं होतं.

डोळ्याचं आईनेच एका झटक्यात मिटवलं. डावा डोळा आता पुढच्या महिन्यात बदलायचाच आहे, त्याला कशाला विचारायचं, उजव्याला विचारा.

उजेडाचं जरा ताणलं गेलं. रात्री त्या खोलीत ६५०० केल्विनची एलईडी ट्यूब आहे, बॉक्सवर कूल डेलाइट लिहिलेली. तिच्याखाली नाचणी मेल्यासारखी दिसते, लालसर काही धड वरच येत नाही, नुसता जांभळट राखाडी उरतो, आणि ज्वारी बऱ्यापैकी ज्वारीच राहते. मी म्हटलं ट्यूब काढू, ३००० चे पिवळसर दिवे लावू, त्यात नाचणी काय दिसते, मी शीट धरून बघितलीय, अगदी उबदार, हॉटेलमध्ये असते तशी. मला नाचणीच हवी होती हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. आई ऐकेना. तिचं अर्धं आयुष्य चाळीसच्या बल्बखाली स्वेटर विणण्यात आणि पेपर तपासण्यात गेलंय, पिवळ्या उजेडाचं कौतुक ज्यांना कधी त्यात काम करावं लागलं नाही त्यांनी करावं, असं तिचं म्हणणं. शेवटी मधली ४००० ची ट्यूब आणली. तिच्यातही नाचणी पूर्ण जिवंत झाली नाही, थोडी बरी दिसायला लागली इतकंच.

राहता राहिला ऋतू. यावर मी तिला नीट समजावून सांगितलं, हिवाळ्यात अमुक होईल, पावसाळ्यात तमुक होईल, कागदावर चित्र काढून शेजारची बिल्डिंग, सूर्य, झाड. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, पावसात भिंत हिरवट दिसली तर काय बिघडलं, बाहेर सगळं हिरवंच असतं, माणूस समजून जातो. पण थंडीत दुपारी कोणी भेटायला आलं आणि भिंत गुलाबी दिसली तर मी काय सांगू, शेजाऱ्यांची भिंत गाजरी आहे म्हणून?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्वारी ठरली.

कामाचं फार सांगण्यासारखं नाही. पिस्ता खरवडून काढल्यावर खिडकीखाली ओल निघाली, ती वाळवण्यात काही दिवस गेले, मग पुट्टी, घासकाम, घरभर पिठासारखी पांढरी धूळ, प्रायमर. मॅट लावायचा की शाइनवाला यावर पेंटरदादा ठाम होते, जुन्या भिंती सरळ नसतात, शाइनमध्ये सगळे उंचवटे दिसतात, मॅटच घ्या पण पुसता येणारा घ्या. पहिला हात लागला तेव्हा आई दारात खुर्ची टाकून बसलेली आणि नाराज, "हा फारच पांढरा झाला." दादा म्हणाले आजी वाळू द्या. तिला ते पटेना कारण तिच्या डोक्यात चुन्याचं गणित. माहेरी दिवाळीआधी कळीचा चुना पिंपात विरवायचे, तो रटरटायचा, गार झाला की गाळून त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ, आणि एखाद्या खोलीला पिवडी. चुना ओला असताना भिंतीवर दिसतच नाही, वाटतं पाणीच मारलं, आणि वाळत जाईल तसा पांढरा होत जातो. हे आजचे रंग उलटे, त्यातला चिकट भाग ओला असताना दुधासारखा असतो आणि वाळला की पारदर्शक होतो, म्हणून ओला फिका, वाळला की एक छटा गडद. संध्याकाळपर्यंत तो बरोबर शीटच्या रंगावर आला. तिनं दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने तपासलं आणि पास केला.

छतावर मात्र आमचं परत एकदा झालं. छताला पांढरा असतो, त्यात काय निवडायचं, असं सगळेच धरून चालले होते, तर दुकानातून आला तो निळसर झाक असलेला पांढराशुभ्र पांढरा, आणि त्याच्याखाली ज्वारी मळकी दिसायला लागली. तोच शेव्रल. मग छताच्या पांढऱ्यात आमच्याच ज्वारीचा अगदी थोडा, मगभर अंदाजाने, मिसळून घेतला, दादा म्हणाले हिशेबात बसत नाही पण दिसतंय चांगलं. डब्यावरच्या शेड कोडच्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवलाय, उद्या टच-अप करायचं झालं तर भिंतीचं जमेल, छताचं काही खरं नाही.

नवरा बघून गेला, म्हणाला छान झालंय, कुठला लावला शेवटी?

आणि आई आता त्या खोलीत फारशी बसतच नाही. नव्या डोळ्याला घर दिसायला लागलंय. फ्रिजमागची जळमटं, गॅसवरच्या टाइल्सच्या फटींतलं तेल, माझ्या स्टीलच्या डब्यांवरचे डाग, सगळं. काल हॉलमध्ये सोफ्यामागे उभी राहून उजव्या डोळ्याने बराच वेळ भिंत न्याहाळत होती, जिला आम्ही आजवर क्रीम म्हणत आलो. "हा रंग कुठल्या साली लावलाय?" असं तिनं विचारलंय, आणि शेड कार्ड तिच्या उशाखाली आहे.